पणजीचं दार कोणत्या हाताला?

दानबी मेली होती. म्हणजे बोरमने तिला मरायला सांगितलं होतं आणि ती मन लावून मेली होती. खालून तापवलेल्या गरम जमिनीवर उताणी, हात अंगालगत, डोळे मिटलेले आणि जीभ जरा बाहेर.

"जीभ आत घे," बोरम म्हणाली. "पणजी काय जीभ काढून झोपलीय? आणि डोकं कुकरकडे कर. कुकर म्हणजे डोंगर. पाय माझ्याकडे. माझ्या पाठीमागे समुद्र."

"मेलेल्याला किती कामं सांगशील," डोळे न उघडताच दानबी पुटपुटली, पण सरकली.

तिच्या पायांशी युचान मोबाइल धरून उभा होता. तो या दोघी बहिणींचा चुलतभाऊ. हिवाळ्याच्या सुट्टीत वडिलांबरोबर सोल शहरातून जेजू बेटावर, आजीच्या घरी आलेला. मोबाइल त्याच्या वडिलांचा, म्हणजे मुलींच्या थोरल्या काकांचा. त्यावर एक फोटो होता, गवत कापणाऱ्या माणसांनी समुद्राच्या बाजूने काढून पाठवलेला. शेतात काळ्या दगडांचं चौकोनी कुंपण आणि मधे गवत कापून गुळगुळीत केलेला मातीचा उंचवटा. पणजीचं थडगं. काकांनी सकाळी जेवताना तो सगळ्यांना दाखवला आणि बोरमचा घास तोंडातच राहिला.

थडग्याच्या कुंपणाला एक दार असतं. दार म्हणजे काय, हातभर फट. आतल्या माणसाला जरा बाहेर फिरून यावंसं वाटलं तर त्याने काय भिंत चढावी? पुरुष असेल तर ती फट त्याच्या डाव्या हाताला ठेवतात, बाई असेल तर उजव्या. बेटावरच्या शेंबड्या पोरालाही हे माहीत असतं. निदान पूर्वी असायचं.

"फट उजवीकडे दिसतेय," युचान म्हणाला. "बाई म्हणजे उजवीकडे. बरोबर आहे. ऊठ दानबी."

"तुझ्या उजवीकडे," बोरम म्हणाली. "थडग्यात तू आहेस का? दानबी, उजवा हात वर कर."

दानबीने हात वर केला. युचानने हाताकडे पाहिलं, मोबाइलकडे पाहिलं, परत हाताकडे पाहिलं. हात खिडकीच्या बाजूला होता आणि फोटोतली फट कपाटाच्या बाजूला.

"मग हा बाबा कोण?" तो हळूच म्हणाला.

इतक्यात मालसुन आजी दारात येऊन उभी राहिली. एका हातात काठी, दुसऱ्या हातात मुळ्याची टोपली. "जिवंत पोरीला असं निजवता?" ती म्हणाली. "ऊठ गं. मरायला रांग लावायची असते. माझा नंबर आधी आहे."

ते दिवस देव घरी नसण्याचे होते. जानेवारीच्या शेवटी बेटावरचे जुने देव आपलं काम संपवून वर जातात आणि नवे अजून यायचे असतात. मधल्या त्या आठवड्यात घर बदला, न्हाणीघर पाडा, थडगं हलवा, कोणी रागावत नाही. रागवायला कोणी जागेवरच नसतं. म्हणून थोरल्या काकांनी नेमका उद्याचा दिवस धरला होता. सकाळी खणायचं मशीन येणार, पणजीला बाहेर काढणार, अस्थी जाळणार आणि राख शहराबाहेरच्या नव्या इमारतीत एका कप्प्यात ठेवणार. कप्प्याला काच, काचेला कुलूप. गवत कापायची कटकट नाही, पावसाचा त्रास नाही. हे सांगताना काका इतके खूश दिसायचे, जसं काही तेच तिथे राहायला जाणार होते.

आजी त्या कप्प्याला लॉकर म्हणायची. त्यापलीकडे ती काही बोलायची नाही. आता जी बाई मेलेल्या कोंबडीशीही भांडेल ती गप्प बसली, तर घरच्यांनी घाबरावं की नाही? पण मुलगे मोठे झाले की आईच्या गप्प बसण्याला ते शांतता समजतात.

मुलांनी काकांना फटीचं सांगितलं. काका हसले. मोबाइलमध्ये जागेचा ठिपका आहे, ठिपका चुकत नाही, असं म्हणाले. बोरमचे बाबा संत्र्यांच्या पेट्यांना चिकटपट्टी लावत होते. त्यांनी मान वर न करताच सांगितलं, दादाला माहीत असेल.

"ठिपका टाकला कोणी?" बोरमने विचारलं.

काकांनीच टाकला होता. आजीचा गुडघा गेला, तिचं डोंगरावर जाणं थांबलं, तेव्हापासून दर शरद ऋतूत गवत कापायला माणसं लावायची ठरलं. काकांनी त्यांना जागा दाखवली ती रस्त्यावर मोटार उभी करून, काच खाली घेऊन, बोटाने. ते तिकडचं, काळ्या भिंतीचं. बेटावर काळी भिंत नाही असं थडगं दाखवा मला. उंटावरून शेळ्या हाकायच्या आणि मग मोजून घ्यायच्या, त्यातली गत.

मुलांनी सायकली काढल्या.

ठिपक्याने त्यांना मुळ्याच्या शेतात नेलं. वारा असा होता की दानबी सायकल चालवत होती की सायकल तिला उडवत होती, कळत नव्हतं. थडगं फोटोतल्यासारखंच नीटनेटकं होतं. बोरम डोंगराकडे पाठ करून उभी राहिली आणि तिने डावा हात लांब केला. हात सरळ फटीकडे गेला. पुरुषाचं थडगं. शिवाय समोर बशीत एक सोललेलं संत्रं, आणि ते ताजं होतं.

"कोणाची पोरं रे तुम्ही?" मुळे उपटणारी एक बाई ओळीतून उभी राहिली.

बोरमने सगळं सांगितलं. बाई ऐकता ऐकता मटकन बांधावर बसली. आधी ती हसली, मग तिने हातमोज्याने डोळे पुसले आणि चिखल गालाला लागला. थडगं तिच्या सासऱ्यांचं होतं. तिचा नवरा आणि दीर यांच्यात एका बांधावरून बोलणं बंद होतं, कितीतरी वर्षं. मग एका शरद ऋतूत दोघंही वेगवेगळे गवत कापायला आले, तर गवत कापलेलं. पुढच्या वर्षीही तेच. नवऱ्याला वाटलं भाऊ कापतो, भावाला वाटलं हा कापतो. शेवटी नवऱ्याने लाजत लाजत एक मासा धाडला. तिकडून नासपतीची पेटी आली. आता सणाला दोघं एका ताटाशी बसतात.

"त्यांना सांगू नका," ती म्हणाली. "आत्ता कुठे बोलायला लागलेत. आणि तुमच्या काकाला म्हणावं, उद्या इथे मशीन आलं, तर मी त्याच्यापुढे आडवी पडेन. मग मलाही घेऊन जा म्हणावं लॉकरमध्ये."

तिने तिघांच्या सायकलींना मुळे बांधून दिले.

काकांचा चेहरा पडला तो पाहण्यासारखा होता. उद्या ते दुसऱ्याच्या बापाला खणून काढणार होते. त्यांनी ताबडतोब मशीनवाल्याला नको म्हणून कळवलं आणि पोरांची पाठ थोपटली. झालं ते बरं झालं, म्हणाले. इथवर ठीक होतं.

पण मग पणजी कुठे आहे?

त्यावर दोघं भाऊ स्वयंपाकघरात हलक्या आवाजात बोलले, आणि मुलांनी ते सरकत्या दारामागून ऐकलं. काका म्हणत होते, नवा रस्ता झाल्यापासून तिथली वाट आपल्याला ओळखता येत नाही आणि आईला विचारून उपयोग नाही. मागे एकदा तिला मोटारीत घालून वर नेलं होतं, तर तिला काहीही ओळखता आलं नाही. तिचं आता विसरायला होतं, वय आहे. परवा देव परत येणार, आपलं विमान उद्या रात्रीचं. उद्या डोंगरावरची डबाभर माती घेऊ, कुठलीही, डोंगर तर तोच आहे. पणजीच्या नावाने कप्प्यात ठेवू. आईला सांगायचं, काम झालं.

मागच्या पायरीवर आजी शेगडी घेऊन बसली होती. तिनेही ऐकलं. तव्यावरचं कुट्टूच्या पिठाचं धिरडं करपलं, तरी तिने उलटलं नाही. बोरमने आजीच्या हातून कधी धिरडं करपलेलं पाहिलं नव्हतं.

"आजी, पणजीचं थडगं कुठे आहे?" युचानने विचारलं.

"विचार तुझ्या बापाच्या ठिपक्याला."

"तुला माहीत नाही का?"

आजीने त्याच्याकडे असं पाहिलं की तो बोरमच्या मागे सरकला. मग दानबी पायरीवर आजीला चिकटून बसली, करपलेल्या धिरड्याचा तुकडा तोडला, आत मुळा गुंडाळला आणि खाता खाता म्हणाली, "पणजीचं नाव काय होतं?"

आजीने तवा खाली उतरवला.

"यांग ग्येचुन," ती म्हणाली. "या घरात हे नाव विचारणारी तू पहिली."

मग ती बोलायला लागली. दर शरद ऋतूत थडग्यावर जाताना ती मुलांना सासूची गोष्ट सांगायची, समुद्राच्या धक्क्यापासून वरपर्यंत, एकेका ठिकाणी थांबून एकेक तुकडा. मुलगे लहान होते तोवर ऐकायचे. मोठे झाल्यावर गवत कापायची मशीनं खांद्यावर आली, आवाज नको म्हणून कानात बोळे आले, आणि आई तेच तेच सांगते असं झालं. मग तिने सांगणं सोडलं. लोकांच्या कानात बळेच ओतायला ती काय तेल घेऊन फिरत होती?

"आणि मोटारीत ओळखता आलं नाही म्हणे," आजी म्हणाली. "नव्या रस्त्याने वाऱ्यासारखं नेलं आणि म्हणाला, ओळख. ती गोष्ट माझ्या पायांत आहे. पाय जमिनीला लागले तर आठवणार ना? आणि आता पायच गेले."

 तिने तवा उगीचच पुसला.

बोरम अंगणात गेली आणि बाबांची हातगाडी ओढत घेऊन आली. दोन चाकांची, संत्र्यांच्या पेट्या वाहायची.

"मी काय संत्र्यांची पेटी आहे?" आजी म्हणाली.

"पेटी एवढी बोलत नाही," युचान म्हणाला. त्याच्या पायावर काठी बसली. पण आजी उठली होती. तिने गाडीत दोन उशा टाकायला लावल्या, एक परत पाठवली, कारण तिचा अभ्रा पाहुण्यांसाठीचा होता, आणि राणीसारखी बसली.

धक्क्यावर त्यांनी पहिला थांबा घेतला. तिथे दगडांचं उघडं वर्तुळ आहे. पाण्यात बुड्या मारून कालवं काढणाऱ्या बाया पूर्वी तिथे शेकत बसायच्या.

"इथे ती आली," आजी म्हणाली. "पाठीवर पाण्याच्या मडक्याची टोपली. बायांना वाटलं, डोंगरावरची बाई पाणी विकायला आलीय. तर टोपलीतून मूठ बाहेर आली. एवढीशी. ती तुमच्या आजोबांची मूठ. बायांनी एकमेकींकडे पाहिलं आणि सरकून तिला शेकोटीपाशी जागा दिली. तिला पोहता येत नव्हतं. पुढे तिच्याएवढी खोल बुडी गावात कोणी मारली नाही."

"मडकं कुठे होतं?" दानबीने विचारलं.

"घरीच ठेवलं. बाळाला जागा हवी ना."

जुनी वाट शेतांच्या भिंतींमधून वर जाते. गाडी ढकलणं म्हणजे गंमत नव्हती. युचान ओढायचा, बोरम ढकलायची, दानबी चाकाखालचे दगड काढायची आणि आजी हुकूम सोडायची. भात खातोस की भाताचा वास घेतोस, असं तिने युचानला दोनदा विचारलं. वाटेत एका म्हाताऱ्या झाडाखाली आटलेली विहीर होती. आजीने काठीने गाडी थांबवली. इथे पणजी पाणी प्यायली होती, बोट ओलं करून बाळाच्या ओठांना लावलं होतं, आणि मगच तिला जाणवलं होतं की आपल्या पायात एकच चप्पल आहे. दुसरी कुठे पडली, ते तिला शेवटपर्यंत आठवलं नाही.

"ती कुठून येत होती?" युचानने विचारलं. तो आता ओढायचं विसरला होता.

"वरून. वर गेलं की कळेल. वरचं वरच सांगायचं असतं."

मग नवा रस्ता आडवा आला. तो ओलांडला की कॉफीचं एक नवं दुकान, आणि दुकानापुढे एक मोठा सपाट खडक. त्यावर बसून लोक फोटो काढत होते. आजीचे डोळे चमकले. हाच तो खडक, म्हणाली. याच्यावर टोपली टेकवून तिने बाळाला पाजलं. इथून डाव्या हाताच्या भिंतीने वर चढलं की झालं, आलीच जागा.

ते डाव्या भिंतीने चढले. भिंत एका घोड्यांच्या कुरणापाशी संपली. चार घोडी, काटेरी तार, आणि पुढे झाडी. थडगं नाही, समुद्रही दिसत नाही.

आजीने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. मग ती हातांकडे पाहत बसली. वारा तिच्या डोक्याचा रुमाल ओढत होता, तरी तिने धरला नाही.

"घरी चला," ती म्हणाली. "तुझा बाप म्हणतो तेच खरं असेल, युचान. म्हातारी विसरली."

 बोरमने गाडीची दांडी घट्ट धरली, पण वळवली नाही. ती दानबीची वाट पाहत होती, कारण दानबी मागे वळून त्या खडकाकडे पळाली होती.

दानबीला आठवत होतं, खडकावर बसताना तिच्या हाताला खालून सिमेंट लागलं होतं. तिने वाकून पाहिलं. खडकाच्या खाली सिमेंटचे चार पाय होते. आणि कडेने लाल मातीचा पट्टा, जसा जमिनीत पुरलेल्या दगडाला असतो, पण तो जमिनीपासून वर. पुरलेला दगड असा पायांवर कसा उभा राहील?

दुकानातला माणूस भला होता. तो म्हणाला, रस्ता रुंद केला तेव्हा वरच्या वळणावरून हा खडक उखडून काढला होता, छान दिसतो म्हणून मी मागून घेतला.

दानबी धापा टाकत परत आली. "आजी, तू नाही विसरलीस," ती म्हणाली. "खडक हलला."

आजीने रुमाल नीट बांधला. "हं," ती म्हणाली. "ढकला मग. बसलात काय?"

वरच्या वळणावर खडकाची खोबण अजून होती, गवत वाढलेली. पण तिथली भिंत रस्त्यात गेली होती. पुढे नुसतं रान. आजीने डोळे मिटले. पाय गाडीबाहेर काढून तिने जमिनीवर टेकवले आणि बाकीची गोष्ट सांगितली.

त्या हिवाळ्यात डोंगरातले बंडखोर हुडकायला सरकारचा हुकूम सुटला आणि सैनिकांनी डोंगरातली गावं पेटवली. पणजोबांनी बायकोला सांगितलं, बाळाला घेऊन तू पुढे हो, मी आईला घेऊन मागून येतो. ती निघाली. वाटेत एका जागी तिला पहिल्यांदा समुद्र दिसला. तिथेच ती मागे वळली, तो येतोय का पाहायला. तिथून गाव दिसत होतं, आणि धूर. ती बराच वेळ उभी राहिली. कोणी आलं नाही. नंतरही आलं नाही. पुढे म्हातारपणी ती म्हणाली, मला तिथेच ठेवा, जिथे मी वळले. आणि दगडावर माझं एकटीचं नाव कोरू नका. त्यांचा ठावठिकाणा लागेल तेव्हा दोघांचं कोरा. म्हणून तिथे नावाचा दगडच नाही.

दानबीनेही मागे वळून वर पाहिलं. 

"म्हणजे समुद्र आणि गाव, दोन्ही दिसतील अशी जागा," बोरम म्हणाली. "पण गाव तर आता नाहीये."

"बांबू आहे," आजी म्हणाली. "प्रत्येक घरामागे बांबूचं बेट असायचं. घर जळतं. बांबू परत येतो."

युचान भिंतीवर चढला. वर, तपकिरी उतारावर, एक गडद हिरवा डाग होता. मग त्यांनी असं केलं: युचान बांबूकडे तोंड करून चालू लागला, बोरम समुद्राकडे तोंड करून, पाठीला पाठ लावून. दानबी काट्यांतून वाट काढायची.

"बांबू दिसतोय. समुद्र?"

"नाही."

"आता बांबू गेला. थांब, आला."

"झाड आडवं आहे. अजून डावीकडे. तुझ्या नाही, माझ्या."

"दिसतोय."

"मलाही दिसतोय," बोरम म्हणाली, आणि दोघंही थांबली, कारण तिचा पाय दगडाला लागला होता.

काटेरी वेलींच्या ढिगाखाली काळी भिंत होती. युचानने डोंगराकडे पाठ केली, उजवा हात लांब केला आणि हात नेत होता त्या बाजूच्या वेली ओढल्या. हाताला ओरखडे आले. आत फट होती. फटीच्या उंबऱ्याशी एक दगड वेगळाच, बाकीच्या खडबडीत दगडांत एकटाच गोल आणि मऊ, लाटांनी घासलेला.

त्यांनी आजीला गाडीसकट उचललं की ओढलं, ते त्यांनाही नंतर सांगता आलं नाही. आजी त्या गोल दगडावर हात ठेवून बसली.

"हा मी आणला," ती म्हणाली. "समुद्रातून. पाठीवरून. ती म्हणाली होती, तिथे समुद्राचं काहीतरी ठेव गं, मला दोन्हीकडची सवय आहे."

बोरमने बाबांना फोन केला. थोड्या वेळाने दोघं भाऊ चढून आले, काका नेहमीच्या घाईत, मोबाइल हातात, जागेची खूण करायला तयार. थडगं पाहून त्यांनी एक लांब श्वास सोडला. सापडलं, फार छान, म्हणाले, मग उद्या मशीनला परत बोलावू.

"नाही बोलवायचं," दानबी म्हणाली.

काकांनी हसून विचारलं, का बरं.

"पणजोबा आले तर ती त्यांना लगेच दिसली पाहिजे. म्हणून ती इथे आहे. लॉकरमधून काय दिसणार?"

काकांना कळेना. मग दानबीने हात करून दाखवलं: तो बांबू, तो समुद्र, आणि इथे ती वळली. काका त्या हाताच्या मागे मागे पाहत राहिले. आधी वर, मग खाली, मग परत वर. त्यांचा मोबाइलचा हात हळूहळू खाली आला. ते तिथेच गवतात बसले, शहरी पँट घालून, ओल्या मातीत.

"मी इतकी वर्षं इथे येत होतो, आई," ते म्हणाले. "मला वाटायचं, जागा मिळाली म्हणून इथे पुरलं असेल."

आजी त्यांना काहीतरी लागेल असं बोलणार होती, तोंडावर आलं होतं. पण तिने ते गिळलं. आपल्या लेकराला किती बोलायचं आणि कधी नाही, हे ज्या आईला कळतं तिचंच बोलणं टिकतं.

मग बाबांनी विळा काढला. देव घरी नसल्याचा आज शेवटून दुसरा दिवस होता, पडलेले दगड परत लावायला मुहूर्त विचारायची गरज नव्हती. दोघा भावांनी भिंत नीट केली, पोरांनी वेली ओढल्या, आणि फटीतून आत पाहिलं तर उंचवट्यावर हिवाळ्यातलं पिवळं गवत मऊ दिसायला लागलं. सगळ्यांनी ओळीने वाकून नमस्कार केला. नैवेद्याला काही नव्हतं, तर युचानच्या सायकलचे मुळे बाबांच्या पिशवीत निघाले. आजी म्हणाली, चालतं, तिने याहून वाईट खाल्लंय.

काका मुलांना म्हणाले, तुम्ही नसता तर मी उद्या एका घरात भांडण लावून आणि आपल्या आजीला रानात टाकून विमानात बसलो असतो. बोरमच्या बाबांनी तिघांच्या डोक्यांवरून एकेक हात फिरवला. पुढच्या शरद ऋतूत गवत कापायला माणसं लावायची नाहीत, आपण यायचं, असं काकांनीच ठरवलं. युचानने विचारलं, विमानाचं तिकीट मला एकट्याला मिळेल का, बाबांना काम असलं तर.

उतरताना गाडी काकांनी धरली. चढणीपेक्षा उतारावर ती जास्त पळते, म्हणून ते मागे वाकून, टाचा रोवत चालले होते. बांबू झाडीआड गेला, तेव्हा दानबी गाडीच्या बाजूला आली आणि कोणी न सांगताच तिने सुरुवात केली.

"एक बाई होती, यांग ग्येचुन नावाची. ती डोंगरातून खाली चालली होती, पाठीवर टोपली आणि टोपलीत बाळ. आणि एका जागी तिला समुद्र दिसला."

आजवर ही गोष्ट चढताना सांगितली गेली होती, शेवटापासून सुरुवातीकडे. उतरताना सगळे दमलेले असायचे, कोणी बोलायचं नाही. पणजी ज्या वाटेने, ज्या क्रमाने चालली, त्या क्रमाने गोष्ट पहिल्यांदाच चालत होती. खडकाच्या खोबणीपाशी युचानने बाळाला पाजल्याचं सांगितलं. तो चपलेचंही तिथेच घुसवत होता, तर बोरमने त्याला विहिरीपर्यंत थांबायला लावलं. बाबा म्हणाले, मला चप्पल आठवते, मी लहानपणी ती शोधायचो.  काका चाकाकडे पाहत ऐकत होते.

आजी उशीवर टेकून बसली होती, दोन्ही हात मांडीवर. ज्या बाईने ही गोष्ट जन्मभर सांगितली, तिला ती सासू गेल्यापासून कोणी सांगितली नव्हती.

विहीर मागे गेली. दानबी दम घ्यायला थांबली. खाली समुद्र राखी रंगाचा दिसत होता.

"मग?" आजीने विचारलं. "पुढे काय झालं?"